पडद्याची किल्ली कोणाच्या हाती?

परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावात वैद्याचा दवाखाना, त्यास लागून औषधालय आणि पलीकडे एखादे मोबाइलचे दुकान असणे नवलाचे नाही. मधली भिंत माणसांना अडविते. वाय-फायच्या लहरींना ती सहसा अडवीत नाही. या साध्या गोष्टीकडे वैद्यबंधूंचे व औषधालय चालकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

ऋतुचर्या, पथ्यापथ्य वा औषध घेण्याची रीत रुग्णास पडद्यावर दाखविणे, ही स्वागतार्ह प्रथा आहे. त्यासाठी टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत वायरलेस डिस्प्ले अडॅप्टर बसविला, की मोबाइल अथवा लॅपटॉपवरील चित्र तारेविना टीव्हीवर उमटते. यांपैकी बहुतेक उपकरणे २०१२ साली प्रमाणित झालेल्या मिराकास्ट पद्धतीने चालतात. पाठविले जाणारे चित्र सांकेतिक रूपात जात असल्याने ते वाटेत सहजी चोरता येत नाही. मात्र चित्र पाठविणारा कोण, हा प्रश्न निराळा आहे. तो सुटतो जोडणीच्या वेळी, म्हणजे पेअरिंग करताना.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. बटण-पद्धतीत कोणताही अंक विचारला जात नाही. उपकरण मोकळे दिसले की कोणीही जोडणी मागू शकतो. पिन-पद्धतीत टीव्हीवर अंक उमटतात आणि ते आपल्या यंत्रावर भरल्यावाचून जोडणी होत नाही. अडॅप्टर बसवून देणारा कारागीर सोयीसाठी पहिलाच मार्ग ठेवून गेला, तर भिंतीपलीकडील खोडकर हातास आपल्या पडद्यावर अश्लील चित्रफीत लावता येईल. उलट, शेजारच्या अडॅप्टरचे नावही आपल्यासारखेच असेल, तर आपल्या रुग्णाचा तपासणी अहवाल त्याच्या दुकानातील टीव्हीवर झळकेल.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०१९ मध्ये काही हॅकर्सनी राउटरमधील ढिल्या मांडणीचा लाभ घेऊन जगभरातील हजारो क्रोमकास्ट उपकरणांवर आपली चित्रफीत झळकविली होती. त्या प्रकरणाचे तांत्रिक कारण वेगळे होते. पण बसवून विसरलेले उपकरण परक्याच्या हाती जाते, हा धडा सर्वांस सारखाच लागू आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दवाखान्यातील व औषधालयातील प्रत्येक अडॅप्टरवर पिन सक्तीची असावी. ही सोय बहुधा उत्पादकाच्या अॅपमध्ये मिळते. विंडोज संगणकाचाच पडदा म्हणून उपयोग होत असेल, तर ‘या संगणकावर प्रक्षेपण’ या विभागात पिन ‘नेहमी’ मागण्याचा पर्याय निवडावा. अडॅप्टरला ओळखू येईल असे वेगळे नाव द्यावे, त्याचे फर्मवेअर अद्ययावत ठेवावे. ज्या उपकरणात पिनची सोयच नाही, ते दवाखान्यासाठी घेऊ नये.

‘गर्दीच्या वेळी अंक भरत कोण बसणार?’ असा आक्षेप येईल. अंक भरण्यास काही क्षण लागतात. गेलेली अब्रू परत मिळविण्यास आयुष्य पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक सयुक्तिक आहे. पिन पडद्यावरच उमटते, म्हणजे प्रतीक्षाकक्षात बसलेला प्रत्येक जण ती वाचू शकतो. हे खरे आहे. पिन भिंतीपलीकडच्यास रोखते, समोर बसलेल्यास नाही. यास्तव काम संपताच अडॅप्टरचा वीजपुरवठा बंद करावा. संगणक व टीव्ही जागचे हलत नसतील, तर साधी एचडीएमआय तार हाच उत्तम उपाय. तेथे वायरलेसचा हट्ट व्यर्थ आहे.

आणखी एक दोष पिनने जात नाही. मोबाइलचा संपूर्ण पडदा टीव्हीवर दिसत असताना एखाद्या रुग्णाचा संदेश अवचित वर उमटला, तर तो सर्वांनी वाचला असे समजावे. जोडणीपूर्वी सूचना बंद कराव्यात. शक्यतो या कामासाठी रुग्णांची माहिती नसलेला वेगळा मोबाइल अथवा टॅब्लेट ठेवावा.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्यास दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न बोलण्याची आज्ञा आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही माहिती हाताळणाऱ्याने तिच्या सुरक्षेचे वाजवी उपाय योजावेत, अशी तरतूद आहे. शास्त्र व कायदा येथे एकाच दिशेने बोट दाखवितात. जिभेवर जो संयम आपण पाळतो, तोच पडद्यावरही पाळावयास हवा.

हे दायित्व कारागिराचे नव्हे, आपले आहे. संघटनेच्या तालुका बैठकांत व्याख्यानापूर्वीचा अर्धा तास या प्रात्यक्षिकास द्यावा, अशी नम्र सूचना आहे. तोवर प्रत्येकाने एक परीक्षा स्वतः करावी: पूर्वी कधीही न जोडलेला मोबाइल घेऊन दवाखान्याबाहेर उभे राहावे आणि पिनवाचून जोडणी होते का, ते पाहावे. झाली, तर उपचार त्याच दिवशी सुरू करावा.