अहवालातील वजन आणि प्राणिगृहातील तापमान

औषधे व प्रसाधने नियमांत २०१० साली नियम १५८-ब समाविष्ट झाला, तेव्हापासून औषधनिर्मात्यांच्या टेबलावर विषाक्तता-चाचणीचा अहवाल हा नवा कागद येऊ लागला. ग्रंथोक्त कल्प ग्रंथोक्त उपयोगासाठीच असेल तर ही अट नाही. परंतु अनुसूची ई-१ मधील भल्लातक, वत्सनाभ यांसारखी द्रव्ये असलेल्या प्रोप्रायटरी औषधांना सुरक्षिततेचा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा बहुधा पांढऱ्या उंदरांवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत माइस आणि रॅट यांच्यावर, तयार होतो. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात मूषकांचे अठरा प्रकार सांगितले ते त्यांच्या विषाच्या संदर्भात. ते पाळण्याचा प्रसंग मात्र आपल्या पिढीवर आला आहे!

काही वर्षांपूर्वी आमच्या एका भल्लातकयुक्त कल्पाचा अहवाल मे महिन्यात हाती आला. चाचणी-गटातील रॅटचे अन्नग्रहण कमी, वजनात घट. शोधन अपुरे राहिले काय, यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली. नंतर आम्ही प्रत्यक्ष प्राणिगृह पाहण्यास गेलो. वीज गेलेली, खिडकी पश्चिमेकडे, आणि आमचे सदरे घामाने भिजलेले. भिंतीवरील नोंदवहीत मात्र महिनाभर रोज ‘२२’ हाच आकडा, एकाच हाताने व एकाच शाईने लिहिलेला होता.

उंदराला माणसासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो, आणि फारच उकडू लागले तर लाळेने अंग ओले करतो. अन्नपचनाने उष्णता वाढते, म्हणून तो आहारच कमी करतो. अशा वेळी घटलेले वजन औषधाचे की वैशाखाचे? तुलना-गट असतो ना, असे कोणी म्हणेल. परंतु एकाच खोलीत मांडणीच्या वरच्या फळीवरील पिंजरे खालच्यांपेक्षा उष्ण राहतात. चाचणी-गट वर आणि तुलना-गट खाली असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही. शिवाय काही द्रव्यांची विषाक्तता उष्णतेतच वाढते. अ‍ॅम्फेटामाइनच्या बाबतीत माइसवर हे फार पूर्वीच दिसून आलेले आहे.

हिवाळ्याचा प्रश्न उलट आहे. निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत उघड्या खोलीतील उंदीर देहोष्मा टिकविण्यासाठी अधिक खातो. औषध अन्नात मिसळून दिले असेल तर मात्राही नकळत वाढते. हेमंतातील प्रबल अग्नीचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. मात्र हे साम्य गमतीचे म्हणूनच ठेवावे, त्यावरून सिद्धांत काढण्याची घाई नको.

केंद्रीय प्राणी-प्रयोग नियंत्रण समितीच्या मार्गदर्शक सूचनांत १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमान व ३० ते ७० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आंतरराष्ट्रीय चाचणी-पद्धतीत अधिक-उणे ३ अंशांच्या मर्यादेत २२ अंश अपेक्षित आहे. वास्तविक २२ अंश हे माइसना थंडच वाटते. त्यांच्या देहाला विनासायास मानवणारे तापमान तीस अंशांच्या आसपास असते. म्हणून खोली तापवू नये, तर पिंजऱ्यात घरटे करण्यास कागदाच्या पट्ट्या द्याव्यात आणि शक्य तेथे प्राणी एकत्र ठेवावेत. ज्यांना पैदास करावयाची आहे त्यांनी तर हे विसरूच नये. पिल्ले जन्मतः केशहीन असतात, स्वतःची ऊब राखू शकत नाहीत, घरटे हाच त्यांचा आधार. उलट दीर्घकाळ उष्णता राहिली तर नराची प्रजननक्षमता घटते व पिल्लांची संख्याही. हवा अति कोरडी असेल तर रॅटच्या पिल्लांच्या शेपटीवर आवळलेली वळी पडतात, कधी शेपूट गळूनही पडते. आपल्याकडे स्वस्त म्हणून बसविला जाणारा डेझर्ट कूलर एप्रिलमध्ये उपयोगी पडेल, परंतु श्रावणात तो केवळ दमटपणा वाढवील.

आमचे स्पष्ट मत असे की, वर्षभर स्थिर तापमान राखण्याची ऐपत नसलेल्या महाविद्यालयांनी प्रबंधांच्या हौसेपोटी स्वतंत्र प्राणिगृहे चालवू नयेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. जनित्राची सोय असलेले एकच सामायिक प्राणिगृह या विभागासाठी उभे राहिले, तर अनेक मुके जीव निष्कारण मरणार नाहीत. तोवर औषधनिर्मात्यांनी दर ठरविण्यापूर्वीच स्वयंचलित यंत्राची तापमान-नोंद, फळीनिहाय पिंजऱ्यांची मांडणी आणि वीज खंडित झाल्याचे तास अहवालासोबत मागावेत. हे मागणे उद्धटपणाचे नाही.

आम्ही ती चाचणी अन्यत्र पुन्हा करविली. खर्च दुप्पट झाला. या वेळी तापमानाचा आलेख जोडलेला होता, आणि तरीही सर्वाधिक मात्रेच्या गटात वजन घटलेलेच दिसले. तो अहवाल आम्ही मान्य केला आणि भल्लातकाच्या शोधनाची प्रक्रिया पहिल्यापासून तपासावयास घेतली.