रांगेत न मोजलेली माणसे

मे १९४५ मध्ये झरी येथे जमलेल्या वारली शेतमजुरांनी, दिवसाला रोख बारा आणे मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, असा निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याने वेठबिगारीचा कणा मोडला. त्याच झरीतील मजुराचा दिवस आज कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाच्या शोधात बिनमजुरीचा जातो.

कान वाहणे हा मुख्यतः गरिबीचा रोग. दाटीची, धुराची घरे, कुपोषण व वारंवारची सर्दी यांतून तो बालपणीच जडतो. पडद्याला भोक पडते, ऐकू कमी येते आणि आश्रमशाळेत ते मूल ‘मठ्ठ’ ठरते. क्वचित पू कानामागच्या हाडात, तेथून मेंदूपर्यंतही पोहोचतो. कान वेळीच स्वच्छ व कोरडा ठेवला तर यातले बरेचसे टळते. केंद्र सरकारला हे ठाऊक नाही असे नव्हे. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ सालीच सुरू झाला आणि देशात सुमारे ६.३ कोटी लोकांना लक्षणीय श्रवणदोष असल्याचा अंदाज त्याच कार्यक्रमाने उद्धृत केला आहे.

परंतु ग्रामीण रुग्णालयाच्या किमान तज्ज्ञांत शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोग व बालरोगतज्ज्ञ मोजले जातात. कानाचा तज्ज्ञ त्यांत नाही. जे मोजले जातात तेही कोठे आहेत? २०२१-२२ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत जवळजवळ ८० टक्के तज्ज्ञ कमी होते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत शिफारशीपासून उपचारापर्यंत १८ आठवड्यांची मर्यादा घालून दिलेली आहे. ती पाळली जात नाही, कानाच्या विभागाची यादी लांबलचक आहे आणि तेथील जनता त्यावरून सरकारला धारेवर धरते. धरू शकते, कारण यादी आहे! जेथे तज्ज्ञच नाही तेथे रांग लागत नाही आणि कागदावर प्रतीक्षा शून्य राहते.

या शून्याची किंमत रुग्ण भरतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला खरा, पण तलासरीकराला पालघरपेक्षा वापी व सिल्वासा जवळ, म्हणून तो सीमा ओलांडतो. कानाचे दुखणे एका खेपेत संपत नाही. आधी कान कोरडा करायचा, मग श्रवणचाचणी, मग गरज पडल्यास शस्त्रक्रिया. प्रत्येक खेपेला रुग्णाची व सोबत्याची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली तर कुटुंब वीटभट्टीवर गेलेले असते. मग उपचार अर्धवट सोडल्याचा दोष कोणाच्या माथी मारला जातो, हे सांगायला नको.

महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते. बुडालेली मजुरी देत नाही, तलासरीत तज्ज्ञही निर्माण करीत नाही. विम्याच्या मार्गाने सरकारी पैसा जेथे रुग्णालये आधीच आहेत तेथेच वाहतो, हे साधे अर्थशास्त्र आहे. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते वर्ष उलटले, वचन कागदावरच राहिले.

मागणी मोठी नाही. तलासरी व डहाणूच्या सरकारी रुग्णालयांत महिन्यातील ठरलेल्या दिवशी कानाचा तज्ज्ञ व श्रवणचाचणीचे यंत्र हवे. प्रत्येक आश्रमशाळेत वर्षातून एकदा कानतपासणी हवी. आणि उपकेंद्रात पहिली तक्रार नोंदल्यापासून तज्ज्ञ भेटेपर्यंतचे दिवस मोजून दर तिमाहीला जाहीर व्हावेत. शासन ही नोंद ठेवीपर्यंत कार्यकर्त्यांनी ती पाड्यापाड्यावर स्वतः सुरू करावी: नाव, तारीख, किती खेपा, किती मजुरी बुडाली.