पाळणाघर: निवड कोणाची?

आषाढात भीमाशंकरच्या डोंगररांगांत पावसाची झड लागते आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस तळेघर परिसरात भाताची आवणी सुरू होते. रोपाचे वय वाढले की पीक हातचे जाते. त्यामुळे आवणी कोणासाठी थांबत नाही. नुकतीच बाळंत झालेली स्त्रीही चिखलात उतरते. तान्हे मूल घरी म्हाताऱ्या आजीजवळ, नाहीतर आठ-दहा वर्षांच्या बहिणीजवळ राहते. याच परिसरातील परिचारिकेचा किंवा शिक्षिकेचा प्रश्न वरवर निराळा दिसतो. १८० दिवसांची प्रसूती रजा संपली की मूल कोणाच्या हवाली करावे, हा पेच मात्र तिलाही चुकत नाही. फरक इतकाच की एकीला रजा आहे, दुसरीला तीही नाही.

पाळणाघर कसे निवडावे, याविषयी शहरात पुष्कळ सल्ले मिळतात. एका बाईकडे मुले किती, ती बाई टिकते की महिन्याला बदलते, पाणी व जागा स्वच्छ आहे काय, पालकाला केव्हाही आत येऊन पाहता येते काय, या कसोट्या योग्यच आहेत. परंतु निवड याचा अर्थ किमान दोन पर्याय असणे. जेथे एकही नाही तेथे त्या कसोट्या लावायच्या कशाला?

हे असे का झाले, याचे उत्तर कायद्यांच्या रचनेत सापडते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले. या साऱ्या तरतुदींमागे एक गृहीत आहे: एक मालक, एक छप्पर आणि मोजता येणारी हजेरी. स्वतःच्या खाचरात राबणाऱ्या किंवा उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करणाऱ्या स्त्रीचा मालक कोण? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच वा अधिक लहान मुले आल्यास त्यांच्यासाठी एक स्त्री नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद होती. पण तीही त्या कामापुरती आणि त्या दिवसांपुरतीच.

अंगणवाडी आहे, असे यावर म्हटले जाईल. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. तथापि अंगणवाडीचे पूर्वशालेय शिक्षण तीन वर्षांपुढील मुलांसाठी आणि काही तासांपुरते असते. सहा महिने ते तीन वर्षे हा सर्वांत नाजूक काळ मोकळाच राहतो.

घरात मूल सांभाळले की खर्च होत नाही, ही समजूत हिशेबाची चूक आहे. खर्च होतो, तो वहीत चढत नाही इतकेच. तो कधी आईच्या बुडालेल्या मजुरीने, कधी आजीच्या थकलेल्या शरीराने आणि पुष्कळदा बहिणीच्या बुडालेल्या शाळेने फेडला जातो. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा हिशेब फार पूर्वी ओळखला होता. भावंडे सांभाळणाऱ्या आदिवासी मुली शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ त्यांनी उभी केली. धाकट्याची सोय झाली, म्हणून थोरली शाळेत बसली.

२०२२ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, असा तिचा आराखडा आहे. आराखडा चांगला आहे. पण डोंगरी भागात त्याला दोन जोड हव्यात. केंद्राची वेळ कचेरीच्या घड्याळावर न ठरता आवणी, कापणी व हिरड्याच्या हंगामावर ठरावी. आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला मानधन नव्हे, वेतन मिळावे. एका आईची सोय दुसऱ्या स्त्रीला अल्प मोबदल्यात राबवून करणे, म्हणजे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवणे होय.

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात भातखाचरे घडवण्यासाठी अनेक हात एकत्र लावण्याची ‘पडकई’ची परंपरा आहे. एकट्याने न होणारे काम गावाने मिळून करायचे, हा विचार तेथे कोणी नव्याने शिकवायला नको. बांधासाठी जे सुचले ते बाळांसाठीही सुचावे आणि त्याला सरकारने पैशाचे बळ द्यावे. तसे झाले तरच तळेघरच्या आईला निवड करण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने लाभेल.