चौथ्या अध्यायाची पहिली ओळ

रोजचे काम हीच देवाची उपासना, हा विचार ख्रिस्ती मंडळीत इतक्या वेळा ऐकू येतो की त्यातली धार आता कोणाला जाणवत नाही. उपदेशाला आधार बहुधा कलस्सैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायातील २३व्या वचनाचा असतो. हाती आलेले काम माणसांची चाकरी न समजता प्रभूची समजून मनापासून करावे, हा त्याचा आशय. पुष्कळ घरांत ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले असते. मात्र ते मुळात कोणाला उद्देशून लिहिले आहे, हे व्यासपीठावरून फार क्वचित सांगितले जाते. आदल्याच वचनात दासांना हाक मारलेली आहे. काम निवडण्याचे, नाकारण्याचे किंवा त्याचा मोबदला मागण्याचे स्वातंत्र्य ज्यांना नव्हते, अशी ती माणसे.

हे लक्षात घेतले की वचनाचे मोल वाढते आणि त्यातला धोकाही दिसू लागतो. मोल असे की पुढच्याच ओळीत या दासांना वारसा मिळेल असे आश्वासन आहे. रोमन कायद्यात दास हा स्वतःच मालमत्ता होता, त्याला कसला वारसा? त्याच्या पाणी वाहण्याकडे, दळण्याकडे देवाचे लक्ष आहे, असे म्हणणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. धोका असा की हेच वचन धन्याच्या हाती पडले तर ते फुकटच्या चाकरीचे समर्थन होते. पत्रलेखकाला याची जाणीव असावी, कारण लगेच तो धन्यांकडे वळतो: तुमच्याही डोक्यावर एक धनी आहे, तेव्हा दासांशी न्यायाने आणि समतेने वागा. दुर्दैव एवढेच की तेराव्या शतकात रूढ झालेल्या विभागणीत ही ओळ ४थ्या अध्यायाच्या आरंभी गेली, आणि आमचे शास्त्रपाठ ३रा अध्याय संपला की थांबतात!

या संदर्भात ब्रदर लॉरेन्सचे नाव हमखास घेतले जाते. लोरेन प्रांतातला हा माजी सैनिक लढाईत पायाने अधू झाला आणि पुढे पॅरिसच्या कार्मेली मठात दाखल होऊन वर्षानुवर्षे तिथल्या स्वयंपाकघरात राबला. तव्यावरचे आम्लेट उलटतानाही देवाच्या प्रेमाने उलटावे, ही त्याची साधना. त्याची पत्रे आणि संभाषणे १६९१ साली तो वारल्यावर छापली गेली. ती वाचणाऱ्याला एक गोष्ट चकित करते: स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती. मठासाठी दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला धाडले, तेव्हा अधू पायामुळे त्याला नावेत पिंपांवरून लोळतच इकडून तिकडे जावे लागे. व्यवहाराचीही त्याला गती नव्हती. पहिली काही वर्षे तर मनाच्या घोर क्लेशात गेली. कामात आनंद असतो, असे तो कुठेही शिकवत नाही. न आवडणाऱ्या कामातही देवाशी बोलणे तुटू देऊ नये, एवढेच तो सांगतो. आजच्या उत्साही प्रवचनांपेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटते.

तरीही एक प्रश्न उरतोच. लॉरेन्स पुरोहित नव्हता, मठातला साधा श्रमिक बंधू होता. स्तोत्रे म्हणणारे एका श्रेणीचे आणि भांडी घासणारे दुसऱ्या, ही रचना मठांत तोवर मुरलेली होती. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत मात्र स्वयंपाकाची आठवड्याची पाळी सर्वांना लागू आहे. आजारी किंवा अधिक निकडीच्या कामात गुंतलेला सोडून कोणालाही सूट नाही. पाळी संपवणारा आणि पाळी सुरू करणारा, दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. मठातली अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी हाताळावीत, हेही त्याच नियमावलीत आहे. पात्राचे पावित्र्य आणि पाळीची सक्ती अशी एकत्र ठेवण्यात बेनेडिक्टचे शहाणपण दिसते. पाळी गेली की पावित्र्याची भाषा फक्त खालच्या माणसासाठी उरते.

मराठी मनाला हा विचार परका नाही. सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, जनाबाईने जात्यावर. त्यामुळे ख्रिस्ती उपदेशकांना इथे तयार जमीन मिळाली, आणि तिच्याबरोबर आमची जुनी सवयही: संत दळणारीला म्हणावे आणि दळण तिच्याकडेच ठेवावे. रविवारची भक्ती आटोपून स्नेहभोजन होते, तेव्हा भांड्यांशी कोण उभे असते ते प्रत्येक मंडळीने एकदा पाहावे. मार्थेची कानउघाडणी आम्ही चवीने वाचतो, पण तिच्या मदतीला कोण उठतो?

म्हणून मला केडगावच्या मुक्ती मिशनमधला छापखाना महत्त्वाचा वाटतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले. त्यांतल्या अनेकींना समाजाने टाकलेले होते, कित्येकींना तिथे येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या हातची ती शाई, ते उलटे खिळे मला उपासना वाटतात, कारण ज्या ग्रंथासाठी त्या राबत होत्या तो वाचण्याचा अधिकारही त्यांना तिथेच मिळाला होता. दासांना उद्देशून लिहिलेले ते वचन त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवले असेल, आणि त्याच्या खालोखाल धन्यांना उद्देशून लिहिलेलेही.