काउंटरपलीकडचा पगार

परीक्षा तोंडावर आली की कॉलेजची लायब्ररी एकदम गजबजते. वर्षभर जिकडे कुणी फिरकत नाही, तिथे सकाळी सकाळी जागा धरायला गर्दी होते. कुणाला मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका हव्या असतात, कुणाला सरांनी सांगितलेलं नेमकं तेच पुस्तक, तर कुणाला लेट फी माफ करून हवी असते. या सगळ्यांना तोंड देणारी एक व्यक्ती काउंटरपलीकडे बसलेली असते. आपण त्यांना 'लायब्ररीवाले सर' किंवा 'लायब्ररीच्या मॅडम' म्हणतो. त्यांचं शिक्षण किती झालंय, त्या कायम आहेत की कंत्राटी आणि महिन्याच्या शेवटी त्यांच्या हातात किती पडतात, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय?

विचारलं नसेल, तर आता विचारायला हवं. हा प्रश्न फक्त त्यांच्या घरखर्चाचा नाही, आपल्या शिक्षणाचाही आहे.

आधी कागदावर काय आहे ते बघू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार विद्यापीठातला सहायक ग्रंथपाल आणि कॉलेजचा ग्रंथपाल ही एकाच पायरीवरची पदं आहेत. दोघांचीही सुरुवात अकॅडेमिक लेव्हल १० वर होते, म्हणजे मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. सहायक प्राध्यापकाची सुरुवातही नेमकी इथूनच होते. पुढे लेव्हल ११ ला ६८,९०० आणि लेव्हल १२ ला ७९,८०० अशी चढती वाट आहे. पात्रताही तेवढीच कडक: ग्रंथालयशास्त्रात किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि वर नेट किंवा सेट. नियमाप्रमाणे पीएचडी केलेल्यांनाच नेट-सेटमधून सूट. सातव्या वेतन आयोगाची ही वेतनश्रेणी महाराष्ट्राने २०१९ मध्ये शासन निर्णय काढून लागू केली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ तर याही पुढे जातो. त्यातल्या 'अध्यापक' या व्याख्येत ग्रंथपालही येतो.

हे कुणी मेहरबानी म्हणून दिलेलं नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन हे नाव ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन त्यांच्याच नावाने साजरा होतो. मूळचे ते गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा काही आठवड्यांतच कंटाळून 'मला परत शिकवायला पाठवा' म्हणत होते. पुढे लंडनला जाऊन हे शास्त्र शिकले आणि आयुष्य त्यातच घातलं. यूजीसीने १९५७ मध्ये नेमलेल्या ग्रंथालय समितीचे तेच अध्यक्ष होते. ग्रंथालयातल्या पात्र कर्मचाऱ्यांना शिक्षकांच्या बरोबरीचा दर्जा आणि पगार मिळावा, अशी या समितीची शिफारस होती. म्हणजे ज्या बरोबरीबद्दल आपण आज बोलतोय, तिची मागणी साठ वर्षांहून जुनी आहे. कागदावर ती मान्यही झाली आहे.

मग अडलंय कुठे? पगाराचा आकडा चांगला आहे, पण त्या आकड्याची खुर्चीच रिकामी ठेवली जाते. २०१७ मध्ये राज्य सरकारने खर्चकपातीसाठी नोकरभरतीवर बंधनं आणली. त्यानंतर कॉलेजांमधली भरती थोडी थोडी सुरू झाली. २०१८ मध्ये ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या पदांना परवानगी मिळाली. या आकड्यांवर आंदोलनं झाली, बातम्या आल्या, चर्चा झाल्या. ग्रंथपालांची पदं मात्र या सगळ्या गोंधळात शेवटच्या बाकावर बसलेली.

याचं कारण सरळ आहे. प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली की लेक्चर होत नाही. लेक्चर झालं नाही की आपण ओरडतो, पालक ओरडतात, आणि मग तासिका तत्त्वावर का होईना, कुणीतरी येतं. ग्रंथपालाची जागा रिकामी राहिली तर काय होतं? काहीच होत नाही! काउंटर उघडतो. शिपाईकाका पुस्तकं देतात, घेतात. एखाद्या प्राध्यापकांकडे किंवा ऑफिसमधल्या क्लार्ककडे 'प्रभारी' म्हणून चार्ज दिला जातो. लायब्ररी चालू आहे असं सगळ्यांना वाटतं. जे काम थांबलेलं दिसत नाही, त्याचे पैसे वाचवणं सगळ्यात सोपं असतं.

आणि जिथे माणूस नेमला जातो, तिथे पदाच्या नावात गंमत केली जाते. विद्यापीठात 'सहायक ग्रंथपाल' म्हणजे लेव्हल १०. कॉलेजात मात्र 'असिस्टंट लायब्रेरियन', 'लायब्ररी असिस्टंट', 'ग्रंथालय सहायक' ही नावं शिक्षकेतर किंवा ठोक पगारावरच्या माणसाला सर्रास चिकटवतात. काम कोणतं? पुस्तकांची खरेदी, वर्गीकरण, दाखल नोंदवही, सोल किंवा कोहा सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, नॅकच्या फायली, शिवाय काउंटर. म्हणजे ग्रंथपालाचंच. पगार मात्र सहायकाचा. विनाअनुदानित कॉलेजांच्या जाहिरातींत तर आकडाच नसतो. 'वेतन संस्थेच्या नियमानुसार' एवढं एक वाक्य. त्या नियमात काय लिहिलंय ते मुलाखतीच्या खोलीत कळतं.

एक साधा हिशेब करू. समजा, एम.लिब. आणि सेट झालेल्या मुलीला महिना १५ हजार ठोक मिळतात. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ५७७ रुपये. तिच्याच पात्रतेच्या कायम माणसाचं मूळ वेतन ५७,७००, म्हणजे जवळजवळ चौपट, आणि भत्ते त्यावर. शिवाय तिला उन्हाळ्यात दोन महिने 'ब्रेक' मिळणार, जूनमध्ये पुन्हा नेमणूक मिळेल की नाही याची खात्री नाही, पीएफचा पत्ता नाही. दोघींनी दिलेली परीक्षा एकच, अभ्यासक्रम एकच, रॅकमधली धूळसुद्धा एकच.

कायद्याचा आधार अगदीच नाही असं नाही. २०१६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कायम कर्मचाऱ्याइतकंच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला निदान त्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळायला हवं. तो निकाल सरकारी सेवेतल्या हंगामी लोकांबद्दलचा होता, खासगी संस्थेला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरं. यूजीसीची २०१८ ची नियमावली मात्र कॉलेजांसाठीच आहे. कंत्राटी शिक्षकाचं ठोक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगारापेक्षा कमी नसावं, असं तिच्यात लिहिलंय. वेतनश्रेणी एकच असताना ग्रंथपालाला याच न्यायाबाहेर ठेवण्याचं कारण काय?

शाळांमध्ये हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. केंद्रीय विद्यालयातला ग्रंथपाल लेव्हल ७ वर, म्हणजे ४४,९०० मूळ वेतनावर रुजू होतो, टीजीटी शिक्षकाच्या बरोबरीने. आपल्या राज्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत मात्र 'अर्धवेळ ग्रंथपाल' नावाचं पद आहे. पद मिळणार की नाही, हे शाळेच्या पटसंख्येवर ठरतं. वेळ अर्धी म्हणून पगारही अर्धा. पुस्तकं मात्र अर्धी नसतात आणि घरभाडंही कुणी अर्धं घेत नाही. ज्या शाळेत हे पदही नाही, तिथे पुस्तकं कपाटात कुलूपबंद आणि चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मग बारावीनंतर आपण कॉलेजात येतो आणि लोक म्हणतात, ही पिढी वाचत नाही.

आता नेहमीचा प्रश्न. सगळं तर मोबाइलवर आहे, पीडीएफ ग्रुपवर येते, मग ग्रंथपाल हवाच कशाला?

उलट आहे. पूर्वीपेक्षा आज जास्त हवा. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही आलंय. फिल्ड प्रोजेक्ट, रिसर्च प्रोजेक्ट हे शब्द आता पदवीच्या वर्गात ऐकू येतात. चॅटबॉटला संदर्भ मागितले तर तो कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं ठणठणीत आत्मविश्वासाने देतो. ती खरी की खोटी हे तपासायचं कसं? शोधगंगावर प्रबंध शोधायचा कसा? एन-लिस्टचा पासवर्ड कुणाकडे मागायचा? केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, १३ हजारांहून जास्त जर्नल्स आणि सुमारे ६,३०० सरकारी संस्था. पैसा मोठा आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण जर्नलचं दार उघडलं तरी आत नेमकं कुठे जायचं हे सांगणारं कुणी नसेल, तर गावातून आलेला, घरातला पहिलाच पदवीधर होणारा मुलगा त्या दारातूनच परत फिरणार. ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, प्राध्यापक काका आहेत, त्याचं ग्रंथपालावाचून फारसं अडत नाही. अडतं ते बाकीच्यांचं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लहान कॉलेजांकडे पैसेच नसतात. काही ठिकाणी ते खरं असेलही. पण अनुदानित कॉलेजात मंजूर पदाचा पगार सरकार देतं. तिथे पद न भरणं हा पैसे कुठे खर्च करायचे याबद्दलचा सरकारचा निर्णय आहे, कॉलेजची गरिबी नाही. आणि विनाअनुदानित कॉलेज आपल्याकडून फीच्या पावतीवर लायब्ररी फी घेतं, डिपॉझिट घेतं. तो पैसा कुठे जातो, हे विचारायचा हक्क पावती हातात असणाऱ्याला आहेच.

नॅकनेही इथे थोडं आत्मपरीक्षण करायला हवं. नॅकच्या चौथ्या निकषात लायब्ररीचा स्वतंत्र भाग आहे. सॉफ्टवेअर कोणतं, ई-जर्नल्स किती, पुस्तकांवर खर्च किती, रोज किती जण येतात, सगळं त्यात विचारतात. हे सगळं चालवणाऱ्या माणसाला पगार किती, हे त्या भागात कुणी विचारत नाही. समिती यायच्या आधी रात्री नऊपर्यंत थांबून त्या फायली तयार करणारे बहुतेक वेळा तेच असतात, हे सांगायला नकोच.

मग आपण काय करायचं? मोर्चा काढा असं आम्ही म्हणत नाही. चार गोष्टी मात्र सहज करता येतील. एक, कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकसाठी टाकलेला वार्षिक गुणवत्ता अहवाल असतो. त्यातला लायब्ररीचा भाग उघडून वाचा. दोन, ग्रंथालय समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतील, तर त्यांनी पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा: आपल्याकडे ग्रंथपालाचं मंजूर पद आहे का, आणि ते भरलेलं आहे का? तीन, अनुदानित कॉलेज माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं. दहा रुपयांच्या अर्जात हेच लेखी विचारता येतं. आणि चार, विद्यार्थी संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत हॉस्टेल, स्कॉलरशिप आणि बसच्या पासाशेजारी ही एक ओळ वाढवावी.

सरकारकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. प्राध्यापक भरतीची प्रत्येक परवानगी देताना ग्रंथपालांची रिक्त पदं त्याच आदेशात घ्या. ठोक वेतनावर नेमणूक करायचीच असेल, तर जाहिरातीत आकडा छापणं बंधनकारक करा आणि तो नियमित वेतनाच्या खाली जाऊ देऊ नका. आणि शाळेत अर्धा ग्रंथपाल ही कल्पनाच मोडीत काढा.

आपल्यातले काही जण आज बी.लिब.ला प्रवेश घेताहेत, काही जण सेटचा अर्ज भरताहेत. त्यांना पुस्तकं आवडतात म्हणून ते या वाटेला आलेत. पुस्तकांच्या प्रेमावर पोट भरत नाही, हे त्यांना पहिल्याच नोकरीत कळावं अशी व्यवस्था आपण चालू ठेवायची का? पुढच्या वेळी पुस्तक परत करायला जाल, तेव्हा काउंटरपलीकडच्या व्यक्तीला नाव विचारा. आणि त्या पदाचा पगार प्राचार्यांना विचारा.