चाळीस क्रेट संत्र्यांसाठी अख्खी गाडी कशाला?

सावरगाव (जि. पांढुर्णा) : आंबिया बहाराची तोड सुरू झाली की सावरगाव, पांढुर्णा, सौंसर भागात दोन तऱ्हेचे बागायतदार दिसतात. मोठी बाग असलेला ट्रक भरतो आणि भाव असेल ती मंडी गाठतो. चाळीस-पन्नास क्रेटवाला बांधावरच व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो. फरक संत्र्याच्या गोडीत नाही, भाड्यात आहे.

समजा, २० किलोचे ६०० क्रेट नेणाऱ्या ट्रकचं भाडं ३६ हजार रुपये आहे. गाडी भरली तर क्रेटमागे ६० रुपये पडतात. चाळीस क्रेटवाल्याने त्याच मंडीसाठी १२ हजारांत छोटी गाडी केली, तर क्रेटमागे ३००. म्हणजे किलोला ३ ऐवजी १५ रुपये! पंधरा जणांनी चाळीस-चाळीस क्रेट एकत्र लादले, तर प्रत्येकाला ६० रुपयेच पडतील.

हा मार्ग रेल्वेने दाखवला होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली. वाटेतल्या थांब्यांवर माल चढवता-उतरवता येई आणि कमीत कमी किती माल हवा, अशी अटच नव्हती. पुढे नागपूरची संत्रीही अशा गाडीने दिल्लीला गेली. चर्चा झाली ती भाड्यातल्या निम्म्या सवलतीची. पण सवलत मुदतीची होती. लहान शेतकऱ्याच्या खऱ्या कामाची गोष्ट होती थोडा माल घेण्याची.

तेच काम ट्रकनेही होऊ शकतं. नागपूर–बैतूल महामार्ग दारातच आहे. अडतं ते हिशेबावर. कोणाचे क्रेट सडले, कोणाचा माल हलका निघाला, यावरून भांडण ठरलेलं. म्हणून प्रत्येक क्रेटवर मालकाचा मार्का, लादण्याआधी वजन आणि प्रतवारी, बिल्टीसोबत नावानिशी यादी आणि प्रत्येकाची वेगळी विक्रीपट्टी हवी.

दुसरा प्रश्न रिकाम्या जागेचा. ऐनवेळी कोणी बांधावरच सौदा केला आणि ६०० ऐवजी ४०० क्रेट आले, तर भाडं ९० रुपयांवर जातं. हा भार कोणी सोसायचा, हे तोडीआधीच लिहून ठेवलं पाहिजे.

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था हे काम करू शकते. सीमेपलीकडे नरखेड, काटोल, वरुडलाही हेच फळ आणि हीच अडचण आहे. तोडीचे दिवस जुळवले तर दोन राज्यांचा माल एका गाडीत बसेल. नाहीतर लहान बागायतदाराचा भाव यंदाही बांधावरच ठरेल.