काटकसर आणि लाचारी

वर्षावासात देवपूरच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर उपासक-उपासिका घडीभर बोलत बसतात. परवा विषय निघाला : घरात काही वाया जाऊ नये म्हणून कोण काय करते? एका ताईंनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांचे सांगितले. दुसरीने डाळ-तांदूळ धुतलेले पाणी परसातल्या शेवग्याला घालत असल्याचे सांगितले. एक कॉलेजकन्यका म्हणाली, "हे तर आपल्या गरिबीचे दिवस. ते कशाला मिरवायचे?"

प्रश्न रास्त आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे मागणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्यास बजावले. ती लादलेली लाचारी होती. तिचे गोडवे आम्ही गाणार नाही.

परंतु विनयपिटकातली गोष्ट पाहा. कौशांबीच्या राण्यांनी भदंत आनंदांना ५०० चीवरे दिली. एवढ्यांचे करणार काय, असे राजा उदयनाने विचारले. आनंद म्हणाले, जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे, पांघरुणे विरली की गादीची खोळ, मग बैठकीचे अंथरूण, पायपुसणे, फडके. शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाने संतोषाने आणखी ५०० दिली.

दुसऱ्याचे टाकलेले नाकारणारा समाज स्वतःच्या कष्टाचे का टाकील? ताईंची गोधडी त्यांच्या स्वतःच्या लुगड्यांची आहे. मुलींनी ती शिवायला शिकावी. मुलांनीही!

जयभीम!